नदीकाठचे खाणखड्डे आणि वरची एक फूट माती

प्रवरा, गोदावरी, भीमा यांसारख्या नद्यांच्या काठी वर पोयट्याचा थर व त्याखाली वाळू-गोट्यांचा थर असा जमिनीचा घाट पुष्कळ ठिकाणी आढळतो. वरचा थर पीक देतो, खालचा विहिरींना पाणी देतो. रस्ते, पूल व घरे यांस वाळू-गोटे लागणारच. त्यास कोणी हरकत घेणार नाही. परंतु खोदाई संपली की यंत्रे निघून जातात आणि खड्डा मात्र शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर राहतो. ही जमीन पुन्हा उपयोगात कशी आणावी, हा प्रश्न बहुधा त्या वेळी विचारला जातो. आमच्या मते तो पहिले फावडे पडण्यापूर्वी विचारावयास पाहिजे.

याचे कारण वरच्या एक फूट मातीत आहे. एक एकरावरील एक फूट माती म्हणजे ४३,५६० घनफूट, अर्थात सुमारे ४३५ ब्रास होते. हा थर भरावात किंवा वीटभट्टीत गेला, तर पुढे तितकी माती विकत आणून पसरविण्यास काय पडेल व खाणीच्या भाड्यातून काय उरेल, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावच्या दराने मांडून पाहावा.

म्हणून खोदाईपूर्वी वरची माती वाफशावर काढून शेताच्या कडेला, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी, निराळी रचावी. खालची निकस माती तीत मिसळू देऊ नये. ढीग पुरुषभर उंचीहून अधिक करू नये, त्यावरून वाहने नेऊ नयेत आणि धैंचा किंवा ताग पेरून तो झाकलेला ठेवावा. खोदाई संपल्यावर वाहनांनी दाबलेला तळ प्रथम खोल नांगरावा, त्यावर निकस माती व शेवटी राखून ठेवलेली माती पसरावी. पहिली दोन वर्षे हिरवळीची खते गाडावीत. नगदी पिकाची घाई करू नये.

कित्येकजण म्हणतात, ‘खड्डा पडला तर बिघडले काय? आयते शेततळे मिळाले!’ हा समज तपासून घेतला पाहिजे. गोट्यांच्या फटींत साठणारे पाणी जमिनीखाली सुरक्षित असते. तेच पाणी उघड्यावर आले की आपल्या पठारावरील उन्हाने वर्षाकाठी त्यातील पाच फुटांहून अधिक उडून जाते. जे आधीच शेजारच्या विहिरींचे होते, ते पाणी खड्ड्यात दिसू लागले म्हणून वाढले असे होत नाही.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमनजीक अ‍ॅटनबरो येथे ट्रेंट नदीकाठी १९२९ पासून गोटे काढल्याने पडलेले खड्डे पाण्याने भरले व १९६६ साली तेथे पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र सुरू झाले. तो प्रयोग चांगला आहे. तथापि तेथील ऊन सौम्य आहे. आपण मात्र खोदाई भूजलाच्या पातळीपर्यंत जाऊच न देण्याचा आग्रह धरावा. जेथे ती आधीच गेली असेल, तेथे उभे कडे मोडून एका फुटास तीन फूट असा उतार द्यावा, त्यावर वाळा व वरच्या कडेस करंज, जांभूळ, उंबर लावावेत. उभ्या कड्याच्या खड्ड्यात पडलेले मूल किंवा गुरू सहसा वर येऊ शकत नाही. अशा खड्ड्यात शहराचा कचरा तर कदापि टाकू देऊ नये; त्यातून झिरपणारी घाण सरळ विहिरींत उतरते.

नदी व खड्डा यांमधील रुंद पट्टा अखंड राखणे हीही तितकीच महत्त्वाची गोष्ट होय. हा पट्टा अरुंद ठेवला तर मोठ्या पुरात नदी तो फोडून खड्ड्यात शिरते. मग वरच्या अंगाचा तळ खरवडला जातो व दूरवरचे काठही ढासळतात. एकाच्या खाणीची किंमत अशा वेळी दुसऱ्याचे शेत चुकविते.

सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात २०१२ साली पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक ठरविली. गौण खनिजांसाठी महाराष्ट्राचे स्वतंत्र नियम २०१३ साली आले. तरीही कागदावरील अटीची राखण गावानेच करावयाची असते. वरची माती जमीनमालकाची राहील, एक भाग पूर्ववत केल्याखेरीज पुढील भाग खोदला जाणार नाही व ठेकेदाराची अनामत रक्कम गावाने पाहणी केल्यावरच परत मिळेल, या तीन अटी करारात स्पष्ट लिहून घ्याव्यात. त्या मान्य नसणाऱ्यास जमीन देऊ नये. भाडे दोन-चार वर्षांत खर्च होते. जमीन मात्र पुढच्या पिढीला कसावयाची आहे.