ग्रीन बेल्टची फी भरताय? थांबा जरा

आमच्या एमआयडीसीतली पोरं हल्ली सिक्स सिग्मा ग्रीन बेल्टच्या मागे लागलीत. शनिवार-रविवार क्लास, सोमवारी सर्टिफिकेट. पैसे बहुतेकदा बापाच्या खिशातले. आणि इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न, "प्रोजेक्ट कुठला केलास?" पोरगं गप्प.

मुळात या बेल्टवर कुणा एकाची मालकी नाही. १९८६ साली मोटोरोलात ही पद्धत सुरू झाली. आज कुणीही क्लास काढून बेल्ट वाटतो. अमेरिकेतल्या एएसक्यू संस्थेची परीक्षा बघा. पुस्तक उघडं ठेवून द्यायची, तरी बसण्याआधी ३ वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. उगाच नाही. दहा लाख संधींत ३.४ दोष, हा आकडा पाठ करायला दोन मिनिटं लागतात. पण रात्रपाळीतच रिजेक्शन का वाढतं, हे मशीनपाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

तयारी करायचीच ना? मग आपल्याच लाईनवरचा एक दोष धरा. महिनाभर पाळीनुसार नोंद ठेवा, पॅरेटो काढा, मग पुस्तकाला हात लावा. सूत्रं आपोआप डोक्यात बसतील. आणि फी भरण्याआधी क्लासवाल्या सरांना एवढंच विचारा: माझा प्रोजेक्ट तपासणार कोण?