विश्लेषण : पावसाळी ट्रेकच्या सॅकमध्ये प्रथमोपचाराचे काय हवे? काय नको?

जून संपत आला की शनिवारी रात्री दादरच्या फलाटांवर सॅकवाल्यांची गर्दी दिसू लागते. कुणाला शेवटची कसारा लोकल गाठायची असते, कुणाला कर्जत. सॅकमध्ये थेपले, मॅगी, पॉवर बँक, सुके कपडे असे सगळे असते. प्रथमोपचाराचे सामान मात्र 'लीडरकडे आहे' या भरवशावर सोडलेले असते. लीडर रांगेच्या पुढे असतो आणि ज्याचा पाय मुरगळतो तो बहुधा सर्वात मागे. पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये एकच पेटी, ही व्यवस्था कागदावर बरी दिसते. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, आयोजकांवर जबाबदारी टाकली गेली, ते योग्यच झाले. तरीही प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःची छोटी पाऊच हवीच, असे आमचे मत आहे.

नेमकी अडचण कुठे आहे?

परळ-लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला रुग्णालयाचे अंतर हा प्रश्नच ठाऊक नसतो. केईएम, वाडिया आणि टाटा ही तिन्ही रुग्णालये चालत जाण्याच्या टप्प्यात. काही झाले की टॅक्सीला हात करायचा, ही सवय हाडीमाशी भिनलेली. लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीपर्यंतची वाट सुमारे १५ किलोमीटरची आहे आणि पावसात ती चिखलाची होते. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स यांसारख्या संस्थांचे स्वयंसेवक जिवावर उदार होऊन मदतीला येतात, पण त्यांनाही डोंगर चढूनच यावे लागते. म्हणजे अपघात आणि डॉक्टर यांच्यामध्ये काही तास जातात. पाऊच भरायची ती या तासांसाठी. आजारांची यादी समोर ठेवून ती भरू नये.

ऑनलाइन मिळणारे 'शंभर वस्तूंचे' तयार किट इथेच फसते. त्यातल्या बहुतेक वस्तू म्हणजे बोटाला लावायच्या लहान पट्ट्या. बोट कापले म्हणून ट्रेक अडत नाही. घोटा मुरगळला की अडतो. म्हणून पहिली वस्तू म्हणजे १० सेंटीमीटर रुंदीचे क्रेप बँडेज, शक्यतो दोन. ते मुरगळलेल्या घोट्याला आधार देते, जखमेवर गॉज दाबून धरते आणि हात मोडल्याची शंका असेल तर काठीला हात बांधायलाही उपयोगी पडते. सोबत निर्जंतुक गॉजची चार-पाच पाकिटे, चिकटपट्टीचा रोल, सेफ्टी पिना, लहान कात्री आणि हातमोज्यांची एक जोडी. रक्त वाहत असेल तर गॉज जखमेवर ठेवून दहा मिनिटे सलग दाबायचे. 'थांबले का' म्हणून दर मिनिटाला उचलून बघण्याचा मोह आवरायचा. हळद किंवा कॉफीची पूड जखमेत कोंबू नये, ती धुताना डॉक्टरांचे हाल होतात आणि जखमीचे त्याहून जास्त. आधी स्वच्छ पाणी, मग पोव्हिडोन आयोडिन. त्याची बाटली सॅकमध्ये हमखास सांडते, मलमाची ट्यूब बरी.

ओआरएसची पाकिटे घ्याच, पण पाकिटावरचे वाचून. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसारचे २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्ध्या बाटलीत ओतले की क्षारांचे प्रमाण बिघडते. 'ओआरएस'च्या नावाने खपणाऱ्या गोड पेयांवर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने बडगा उगारला. सूत्रात न बसणाऱ्या पेयावर तो शब्द वापरता येणार नाही असे बजावले. उशिरा का होईना, बरे झाले.

गोळ्यांमध्ये तापासाठी, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरे. आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन डोंगरात स्वतःहून घेऊ नये. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा निघू शकतो आणि या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. खाज, पित्त उठणे यासाठी सेट्रिझिन. शिवाय ज्याची त्याची नेहमीची औषधे: दम्याचा पंप, मधुमेह्याची साखर, रक्तदाबाची गोळी. लीडरच्या पेटीत नेमके हेच नसते.

साप चावला तर?

हा प्रश्न येतोच, आणि इथे परळचा संबंध थेट आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावरचे प्रतिविष बनवणाऱ्यांत परळच्या हाफकिनचे नाव जुने. १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून ही संस्था वाढली. पण हे प्रतिविष पाऊचमध्ये ठेवण्याची वस्तू नाही. ते शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे लागते, कारण त्याचीच तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. पावसाळी जंगलात फांदीवर दिसणारा हिरवा चापडा तर त्या चारांत मोडतही नाही.

म्हणून काही किटमध्ये आजही दिसणारे ब्लेड, विष ओढणारा पंप आणि आवळून बांधायची दोरी आधी काढून टाका. कापणे, चोखणे, घट्ट आवळणे या तिन्हींनी नुकसानच होते. अंगठी, घड्याळ, कडे उतरवा, क्रेप बँडेज आणि काठीच्या आधाराने तो अवयव हलणार नाही असा करा, चावल्याची वेळ लिहा आणि माणसाला चालायला न लावता खाली आणा. १०८ किंवा ११२ ला फोन लागेल तिथून लावा. साप मारून सोबत आणण्याची काही गरज नाही.

विंचवाबाबत महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे ऋण कोकण विसरणार नाही. लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. गोळी साधी आहे म्हणून ती पाऊचमध्ये ठेवावी असे कुणाला वाटेल. ठेवू नये. तिने रक्तदाब एकदम उतरतो, रुग्णाला तपासूनच ती द्यायची असते. आग्या मोहोळाचा हल्ला झाला तर आधी तोंड झाकून तिथून पळायचे, काटे नंतर नखाने खरवडून काढायचे. श्वास लागला, ओठ किंवा जीभ सुजली तर सेट्रिझिनवर विसंबू नये. ज्यांना अशी अ‍ॅलर्जी असल्याचे माहीत आहे, त्यांनी अ‍ॅड्रेनालिनच्या इंजेक्शनबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.

ही पाऊच फक्त डोंगरासाठीच?

नाही. भाद्रपदात तीच गिरगाव चौपाटीवर कामी येते. २०१३ च्या दीड दिवसाच्या विसर्जनाला तिथे पाकट माशांच्या काट्यांनी अनेक भाविक जखमी झाले होते. तेव्हापासून पालिकेच्या विसर्जन-सूचनांत पाकटाचा उल्लेख दिसतो. पाकटाच्या दंशावर पहिला उपाय गरम पाणी. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवला की वेदना उतरते. जखम रुग्णालयात दाखवावी लागतेच, काटा आत तुटून राहिलेला असू शकतो. मंडळाच्या गाडीत चहाचे थर्मास असतात, त्यात एक साध्या गरम पाण्याचा ठेवायला काय हरकत आहे? विसर्जनाला अनवाणी जाण्याची पद्धत आहे, पण पाण्यात उतरणाऱ्या कार्यकर्त्यांनी तरी गमबूट घालावेत.

पाऊचमध्ये शेवटी एक कागद हवा, प्लास्टिकमध्ये घातलेला: नाव, रक्तगट, चालू औषधे, अ‍ॅलर्जी, घरच्या माणसाचा क्रमांक. भिजलेला आणि लॉक केलेला मोबाइल यातले काही सांगत नाही. सोबत शिट्टी आणि अंगाभोवती गुंडाळायची चंदेरी फॉइलची चादर. पाऊस-वाऱ्यात तासभर एका जागी बसलेला जखमी सह्याद्रीतही गारठतो. सगळे झिपलॉक पिशवीत भरून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावे, तळाशी नाही. बांधण्याची रीत सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स आणि रेड क्रॉसच्या वर्गांत शिकवतात. क्रेप बँडेज मात्र घरी एकदा स्वतःच्या घोट्यावर बांधून बघावे, बोटे निळी पडली तर ते फार घट्ट झाले.