प्रार्थना आणि फॉलोअप

मंडळी, आपण आयटीवाले प्रार्थना करतो तीही टिकिट टाकल्यासारखी. मागणी नोंदवायची, प्रायॉरिटी 'हाय' ठेवायची आणि वरून उत्तर यायची वाट बघायची. नवस असो वा मेणबत्ती, हिशेब तोच. बायबलमधल्या गोष्टी या हिशेबात बसत नाहीत, आणि म्हणूनच मला त्या आवडतात.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली एक विधवा आहे. न्यायाधीश असा, की ना देवाची भीती, ना माणसांची पर्वा. हिच्याकडे वशिला नाही. ती फक्त पुन्हा पुन्हा जाते आणि न्याय मागते. शेवटी तो कंटाळून देतो! आणि येशूने ही गोष्ट सांगितली ती कशासाठी? तर न खचता प्रार्थना कशी करावी, हे शिकवायला. म्हणजे प्रार्थनेचा नमुना कोण, तर खेटे घालणारी बाई.

आमच्या उधव्याकडे ही बाई कुणीही ओळखेल. वनहक्क कायदा २००६ चा, पण दाव्याचे कागद घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवणं काय असतं, ते इथल्या आदिवासी घरांना विचारा. आताच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावीच मे १९४५ मध्ये वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला होता. सोबत गोदावरी आणि शामराव परुळेकर होते. तो लढा लाल बावट्याचा, बायबलचा नव्हे. पण त्या विधवेला तो नक्की कळला असता.

दुसरी गोष्ट नहेम्याची. यरुशलेमचा कोट पडलाय हे ऐकून तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. मग राजाकडे रजा मागितली, लाकडासाठी पत्र घेतलं. हल्ल्याची धमकी आल्यावर पुन्हा प्रार्थना, आणि रात्रंदिवस पहाराही. कोट ५२ दिवसांत पूर्ण! आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसईत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वळणाचे होते. त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं आणि हरित वसईसाठी रस्त्यावरही उतरले. २०२४ साली ते गेले.

आता कुणी म्हणेल, चिकाटी धरली की मिळतंच का? नाही. गेथशेमानेच्या बागेत खुद्द येशूने पुढचं दुःख टळावं म्हणून विनवणी केली. टळलं नाही. पण तो उठला, झोपलेल्या शिष्यांना जागं केलं आणि पकडायला आलेल्यांना सामोरा गेला. माझ्या मते श्रद्धा म्हणजे हे उठणं. मागितलेलं मिळणं ही वेगळी गोष्ट.

असो. वीकांताला एवढा विचार करून बघा. त्या गोष्टीत आपण स्वतःला विधवेच्या जागी बघतो. पण तिचा अर्ज ज्या पोर्टलवर 'पेंडिंग' दिसतो, ते आपल्यातल्याच कुणीतरी लिहिलेलं असतं.