दार उघडं आहे ना?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, ते कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभी राहिलेली वास्तू डोळ्यांदेखत गेली. माणसं रस्त्यात उभी राहून रडली. जीवितहानी झाली नाही, एवढंच समाधान. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ज्या आगीत आत माणसं होती, बायका होत्या, त्या आगी आपल्याला इतक्या का आठवत नाहीत?

उरवडे हे नाव आठवतंय का, मैत्रिणींनो? पुण्याजवळ, मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या पुढं. ७ जून २०२१ ला दुपारी तिथल्या एका कंपनीत आग लागली. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारं रसायन तिथं तयार होत होतं. १७ जीव गेले, त्यांत १५ बायका. लोकांनी जेसीबी आणून भिंत फोडली. मृतदेह ओळखू येईनात, म्हणून डीएनए तपासणी करावी लागली. सकाळी डबा घेऊन घरातून निघालेली बाई संध्याकाळी घरच्यांना ओळखताही येऊ नये, याला काय म्हणायचं?

दोन-अडीच वर्षांत, ८ डिसेंबर २०२३ ला, पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्यात तसंच झालं. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या तिथं बनत होत्या. त्याच दिवशी सहा बायका गेल्या, पुढं उपचार चालू असताना आकडा वाढत गेला. पोरांच्या वाढदिवसाला आपण हौसेनं आणतो ना, त्याच मेणबत्त्या!

दोन्हीकडं बायका जास्त का, याचं उत्तर अवघड नाही. भट्टी, मशीन, ट्रक ही कामं पुरुषांकडं जातात. पॅकिंग, लेबल, मोजणी, घडी ही कामं बायकांकडं. हाताला चलाखी लागते म्हणतात, आणि पगारही कमी द्यावा लागतो, हे कुणी बोलत नाही. पण प्लॅस्टिक, पुठ्ठा, खोकी, तयार माल, म्हणजे पटकन पेटणारं सगळं, त्याच पॅकिंगच्या खोलीत असतं. खोली बहुधा शेवटची, दार बहुधा एकच, आणि तेही खोक्यांनी अर्धं भरलेलं.

हे दुखणं आजचं नाही. १९११ साली १९ मार्चला युरोपातल्या काही देशांत पहिला आंतरराष्ट्रीय महिला दिन झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २५ मार्चला, न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली. १४६ माणसं गेली, त्यांत १२३ बायका आणि मुली. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. कशासाठी? तर मुली कापड चोरून नेतील म्हणून, जाताना पिशव्या तपासता याव्यात म्हणून. मालक वरच्या मजल्यावर होते, ते गच्चीवरून सुटले. त्याच वर्षी डिसेंबरात कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलंही. ८ मार्चला आपण गुलाबाचं फूल देतो-घेतो, त्यात या दाराचा विषय कधी निघत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडं बघा. इचलकरंजीत कांड्या भरणाऱ्या, मेंडिंग करणाऱ्या, गारमेंटमध्ये शिलाई मारणाऱ्या बायका आहेत. चंदगड-आजऱ्याकडं काजूच्या युनिटमध्ये आहेत. हुपरी भागात तर चांदीच्या पैंजणांचं काम घरोघरी चालतं. जोडकामाला गॅसची ज्योत, आणि त्याच सोप्यात पोरं अभ्यासाला बसलेली. प्रत्येक ठिकाणचा धोका निराळा. लूमच्या मोटारीवर साचलेल्या कापसाला एक ठिणगी पुरते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला की तो खाली जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही. आणि ऊसपट्ट्यातल्या आपल्याला हे खरं वाटणार नाही, पण साखरेचाही स्फोट होतो! ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यात साखरेच्या कारखान्यात साचलेल्या बारीक भुकटीचा स्फोट होऊन १४ माणसं गेली. पीठ, मसाला, भुसा यांची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली, तर तेच होतं.

धोके निरनिराळे असले तरी जीव वाचवणारी गोष्ट एकच, दार. धुरात माणूस जळण्याआधीच गुदमरतो, त्याच्याकडं वेळ अगदी थोडा असतो. म्हणून आग लागू नये याची काळजी जितकी महत्त्वाची, तितकंच लागल्यावर बाहेर पडता येणं.

आपल्याकडं दाराला कुलूप लावायची कारणं ऐकली की थक्क व्हायला होतं. माल जाईल. बायका सारख्या बाहेर जातात. आणि सगळ्यांत गोड कारण, “तुमच्याच सुरक्षेसाठी, ताई. रात्रपाळीला कोण आत शिरायला नको.” बाहेरून कोण येऊ नये म्हणून आतून कडी पुरते. बाहेरून कुलूप कशाला?

कायद्याचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या सुरक्षेची २०२० ची संहिता देशात लागू झाली. तिच्यात विजेवर काम चालत असेल तर २० कामगार, वीज नसेल तर ४० कामगार असतील तेव्हाच त्या जागेला कारखाना म्हणतात. म्हणजे पंधरा-सोळा जणींची शेड या व्याख्येत बसतच नाही. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदाही आहे. आगीची साधनं चालू आहेत असा परवानाधारक एजन्सीचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा असं त्यात आहे. तुमच्या भिंतीवरचा तांबडा सिलिंडर शेवटचा कधी तपासला, ते त्याच्यावरच्या चिठ्ठीत वाचता येतं. वाचा की. आणि पिन कशी ओढायची ते एकदा तरी कुणाकडून शिकून घ्या, नाहीतर तो नुसता शोभेचा.

हजेरीवर नाव आहे का, हेही बघा. कागदावर नसलेली बाई आत होती की नव्हती, हे धुरात कोण सांगणार? कामावर मृत्यू आला तर घरच्यांना मिळणारी ईएसआयची पेन्शन विमा काढलेलीच्याच घरी जाते.

आणि हे सगळं मालकालाच सुनवायचं असंही नाही हं. आता बचत गटाच्या किती तरी जणी स्वतःच मालकीण आहेत. मसाला, मेणबत्ती, अगरबत्ती, पापड. भाड्यानं घेतलेल्या गाळ्याला पुढं एक शटर, मागं भिंत, आणि दाराशीच गॅसची टाकी. अशा गाळ्याचं भाडं कमी असतं, हे खरं. पण आत बसणाऱ्या दहा जणी आपल्याच गल्लीतल्या असतात.

बोलायला भीती वाटते, हे मला कळतं. एकटी बोलली तर तिला उद्यापासून येऊ नको म्हणतात. इचलकरंजीतल्या एका युनिटमधल्या बायकांनी म्हणूनच पगाराच्या दिवशी मिळून विचारलं. भांडण नाही, घोषणा नाही. थोरल्या मावशींनी एवढंच म्हटलं, “मागच्या दाराची किल्ली कुणाकडं असती वो, दादा?” किल्ली मालकाच्या घरी होती. दादांनी आधी हसण्यावारी नेलं, मग आठवडाभरानं कुलूप काढलं आणि आतून कडी बसवली. आता त्या दारासमोर बाहेरच्या बाजूनं कुणीतरी मोटारसायकल लावतं. ती कुणाची, याचा शोध मावशींनी सुरू केलाय.