जुन्या गाडीबरोबर तिचे कागदही जपा

जुनी जर्मन स्पोर्ट्स कार डागडुजी होऊन रस्त्यावर आली की कौतुक होते ते रंगाचे, क्रोमच्या पट्ट्यांचे, चामड्याच्या सीट्सचे आणि मागे दुमडणाऱ्या हूडचे. ज्या मिस्त्रींनी हे काम केले त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण ही गाडी आधी कोणाकोणाकडे होती, भारतात कशी आली, इंजिन मूळचे आहे की मागाहून बसवलेले, असे विचारले तर बहुधा ऐकीव उत्तरे मिळतात : अमक्या संस्थानिकाची होती, तमक्या नटाची होती. मालकीचा इतिहास पुराव्यानिशी हाताशी नसेल, तर गाडीचा जीर्णोद्धार अर्धाच झाला, असे माझे ठाम मत आहे. तो इतिहास जपणे मालकाचे काम आहेच, पण त्याहून अधिक ते सरकारी दप्तराचे काम आहे. त्याची सुरुवात सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी सहज करता येईल.

आपल्या शेजारच्या कोल्हापुरात छत्रपती घराण्याकडे राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक आहे. फ्रीड्रिक्सहाफेन गावची ही कंपनी झेपेलिन हवाई जहाजांच्या इंजिनांसाठी नावाजलेली होती. तिने बनवलेल्या मोटारी मोजक्याच. दसऱ्याला छत्रपती याच उघड्या गाडीतून दसरा चौकात येतात आणि ती पाहायला गर्दी लोटते. मेबॅक ही स्पोर्ट्स कार नव्हे. पण गाडी एकाच घराण्यात राहिली, तिचा उपयोग सर्वांसमोर होत राहिला, म्हणून ती कोणाची याबद्दल वाद नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी (दुसरे) मागवलेल्या ड्यूसेनबर्ग आणि अल्फा रोमिओ देशाबाहेर गेल्या, तरी त्यांचीही कुळकथा टिकली, कारण पहिला मालक महाराजा होता. खरी अडचण येते ती तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या गाडीची. व्यापारी, डॉक्टर, ठेकेदार, गॅरेजवाले यांच्या हातांतून फिरलेल्या गाडीचा इतिहास लिहायला कोणी पुढे येत नाही.

मर्सिडीज-बेन्झच्या 190 एसएल या दोन आसनी उघड्या गाडीकडे पाहा. 1955 ते 1963 या काळात अशा 25,881 गाड्या बनल्या. 1,897 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, दोन सोलेक्स कार्ब्युरेटर, 105 अश्वशक्ती. चासी नंबर, इंजिन नंबर, रंगाचा क्रमांक, गाडी कुठे पाठवली, हे सारे कारखान्याच्या नोंदीत सापडते. पुढची साठ वर्षे मात्र तिथे सापडत नाहीत. आपल्याकडे आयातीवर कडक निर्बंध होते. वकिलातीतल्या अधिकाऱ्यांनी आणलेल्या अनेक गाड्या त्यांची बदली झाल्यावर स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. सुटे भाग मिळत नसत, म्हणून मिस्त्री हाताशी असेल ते जमवून गाडी चालती ठेवत. डेमलरच्या परवान्याने पुण्यात बजाज टेम्पोने बनवलेले मॅटाडोरचे डिझेल इंजिन अनेक जुन्या मर्सिडीजमध्ये बसले ते यातूनच. आज मूळ इंजिन शोधून बसवणे योग्यच. पण मधल्या काळात कोणते इंजिन होते, ते कोणी आणि का बदलले, हे पुसून टाकले तर भारतातल्या त्या गाडीचे सगळे आयुष्यच पुसले जाते.

सुटे भाग बदलल्यावर गाडी तीच राहते का, या प्रश्नावर इंग्लंडच्या न्यायालयाने 1990 साली विचार केला आहे. 1929 आणि 1930 या दोन्ही वर्षी ल मांची शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीचे मूळ भाग फारच थोडे उरले होते. तरीही तिचा इतिहास अखंड आहे, म्हणून ती तीच गाडी, असा निर्णय न्यायालयाने दिला. ज्या विक्रीवरून हा खटला झाला, तिची किंमत एक कोटी पौंड होती. पत्रा, रंग आणि इंजिन यांच्याइतकेच वजन तिथे कागदांना आणि साक्षींना मिळाले.

आपल्या केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची नंबरपाटी, नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि रोजच्या वापरास मनाई, असे त्यांचे स्वरूप आहे. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, ही चांगली सोय. गाडी मूळ रूपात असावी अशीही अट आहे. पण ते मूळ रूप कशावरून ठरवायचे? आधीच्या मालकांची साखळी, जुने आरसी बुक, आयातीचे कागद, बदललेल्या इंजिनाची नोंद अशी एकत्र फाईल त्यासाठी लागते. ब्रिटनमध्ये जुना नंबर परत हवा असेल तर मान्यताप्राप्त क्लब जुने लॉगबुक आणि इतर पुरावे तपासतो, मगच अर्ज पुढे जातो. अशी इतिहासाची फाईल आपल्याकडेही नोंदणीचा भाग व्हायला हवी.

यावर पहिला आक्षेप येईल की हा श्रीमंतांचा शौक आहे, त्यासाठी सरकारने वेळ का घालवावा? मोटारीचा इतिहास केवळ श्रीमंतांचा असता तर हा आक्षेप मान्य करता आला असता. पण प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी करणारे वालचंद हिराचंद सोलापुरात 1882 साली जन्मले. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीने या शहराला औद्योगिक ओळख दिली. गिरण्या बंद पडल्या; त्या काळी शहरात पैसा कोणाकडे आला, कोणाकडून गेला, हे शोधायचे तर मोटारींच्या मालकीच्या नोंदी हे एक भक्कम साधन आहे. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. तो रास्त आहे. म्हणून हयात मालकांची नावे आणि पत्ते झाकून केवळ जुन्या नोंदी अभ्यासासाठी खुल्या कराव्यात. तिसरा आक्षेप खर्चाचा. पण इथे नवे काही बांधायचे नाही. जुन्या हस्तलिखित वह्या स्कॅन करायच्या आहेत, आणि वाळवीला खर्चाची मंजुरी लागत नाही.

म्हणून माझी मागणी अशी : 1989 साली नवा मोटार वाहन कायदा लागू होण्यापूर्वीच्या ज्या नोंदवह्या सोलापूरच्या परिवहन कार्यालयात शिल्लक असतील, त्यांची यादी करून त्या स्कॅन कराव्यात आणि मूळ प्रती राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे द्याव्यात. या कामात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सहभागी करून घ्यावे. गाडी नव्याने घडवणाऱ्या मालकांनीही मिस्त्रीचे नाव, काढलेला भाग, बसवलेला भाग आणि तारीख यांची वही ठेवावी. रंग दहा वर्षांनी पुन्हा देता येतो. रद्दीत गेलेली नोंदवही पुन्हा लिहिता येत नाही. ती रद्दीत जाण्याआधी कोणीतरी कपाट उघडले पाहिजे, आणि हे काम याच वर्षी सुरू झाले पाहिजे.