कळीचा मुद्दा

मागच्या लेखात विम या टेक्स्ट एडिटरबद्दल एकच वाक्य लिहिलं होतं, तेही कंसात. त्यावर आलेली पत्रं पाहता मी कुणाच्या तरी कुलदैवतालाच हात घातला असावा. इमॅक्स या प्रतिस्पर्धी एडिटरचे एक कर्ते रिचर्ड स्टॉलमन निदान झगा घालून ‘सेंट इग्नुशियस’ बनायचे आणि विमचा पूर्वज असलेल्या व्हीआयची मुक्त आवृत्ती वापरणं हे पाप नव्हे, प्रायश्चित्त आहे, असा निवाडा द्यायचे. ती थट्टा होती. आमचे पत्रलेखक मात्र गंभीर आहेत. पण इमॅक्समध्ये अमुक काम होतच नाही, असं एकानेही दाखवलेलं नाही. सगळ्यांचा सूर एकच: हाताला बसलंय. मी तरी वेगळं काय म्हणत होतो? हे भांडण डोक्याचं नाही, बोटांचं आहे.

आणि बोटांना वळण लावलं यंत्रांनी. बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास बर्कलेत व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्यावर बाण छापलेले होते एच, जे, के, एल याच अक्षरांवर, आणि आज टॅब असते तिथे एस्केप होती. घरून जोडणी ३०० बॉडच्या मोडेमची, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं. मग आज्ञा एकाक्षरी असणारच. त्याच वर्षी एमआयटीत स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी टेको या एडिटरच्या मॅक्रोंमधून इमॅक्स उभा केला. तिथल्या कळफलकांवर स्पेसबारच्या आजूबाजूला कंट्रोल, मेटा अशा जादा कळा होत्या. दोन-दोन कळा एकदम दाबणं तिथे सोयीचं होतं. दोन्हीकडच्यांनी समोर होतं त्यावर भागवलं. त्याचं तत्त्वज्ञान पुढच्यांनी केलं.

(इनस्क्रिप्ट हाताशी असताना टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी न सोडणारे आमचे डीटीपीवाले याच जातकुळीतले. मराठीत युनिकोड रखडला तो त्यांच्यामुळेच, अशी माझी खात्री आहे. पुरावा मागू नका.)

आज एडीएम-३ए वस्तुसंग्रहालयात आहे. एस्केप वरच्या कोपऱ्यात गेली, कंट्रोल खालच्या. इमॅक्सवाल्यांची करंगळी दुखते ती त्यामुळेच. यावर कट्टर मंडळी काय करतात? विमवाले कॅप्स लॉकच्या जागी एस्केप बसवतात, इमॅक्सवाले नेमकी तीच कळ कंट्रोलला देतात. कॅप्स लॉक कुणालाच नको, यावर मात्र दोन्ही पंथांत कधी वाद झालेला नाही.