गोठ्यातली मोटार आणि ‘शोध’ लावणारे आपण

१/
एक चित्रफीत हल्ली पुन्हापुन्हा समोर येते. पडक्या घराचे दार करकरत उघडते, कोळिष्टके बाजूला होतात, ताडपत्रीखालून जुन्या मोटारीचे नाक डोकावते आणि निवेदक सांगतो, ‘साठ वर्षांनी सापडला खजिना!’ पुढच्याच दृश्यात ती मोटार लालभडक रंगात चकाकत असते. आजचा धागा या दोन दृश्यांच्या मधे जे घडते त्याविषयी आहे.

२/
माझे म्हणणे आधीच मांडते. अशी मोटार तिच्या जागेची, कागदांची आणि माणसांची नोंद न करता बाहेर काढणे, घासणे आणि रंगवणे याला जतन म्हणता येत नाही. तो पुराव्याचा नाश आहे. हे मी न्यायाधीशाच्या आसनावरून लिहीत नाही. या पापात माझाही वाटा आहे. तो पुढे सांगते.

३/
प्रथम शब्दाकडे पाहू. इंग्रजीतून ‘बार्न फाइंड’ हा शब्द आपण जसाच्या तसा उचलला. रत्नागिरी जिल्ह्यात ‘बार्न’ नसते. गोठा असतो, पडवी असते, जांभ्याच्या भिंतींची वखार असते. आणि ‘सापडली’ म्हणजे कोणाला? त्या घरातल्या बाईने मोटारीच्या बॉनेटवर सुपे-टोपल्या ठेवल्या, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसवली. तिला ती रोज दिसतच होती. ‘शोध’ लागला तो आपल्याला.

४/
या वेडाचे जागतिक शिखर म्हणजे फ्रान्समधला बायों संग्रह. रोजे बायों हा वाहतूक व्यावसायिक. संग्रहालय उभारण्याच्या स्वप्नाने त्याने जुन्या मोटारी जमवल्या. पुढे धंदा खालावला आणि उरलेल्या गाड्या पश्चिम फ्रान्समधल्या शेतघराच्या आवारात गंजत राहिल्या. २०१४ मध्ये त्या लिलाव करणाऱ्यांच्या नजरेस पडल्या. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये ५९ गाड्या विकल्या गेल्या. त्यांतल्या एकट्या फेरारीला १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किंमत आली.

५/
या लिलावातली एक गोष्ट आपले चित्रफीतवाले सांगत नाहीत. त्या गाड्या धूळ, गंज, फाटक्या गाद्या यांच्यासह, जशा सापडल्या तशाच मांडल्या होत्या. न घासलेल्या वस्तूची किंमत बाजारालाही कळू लागली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी बाजाराच्याही मागे राहावे काय?

६/
दुसरे उदाहरण पोर्तुगालचे. २००७ च्या सुमारास एक कथा जगभर पसरली: कोणा नशीबवान माणसाने पडीक शेत विकत घेतले, कोठाराचे कुलूप तोडले आणि आत १८० जुन्या मोटारी निघाल्या. छायाचित्रे खरी होती, कथा बनावट होती. त्या गाड्या मोटारींच्या एका व्यापाऱ्याने स्वतः जमवून ठेवल्या होत्या. मूळ मालकाला पुसून टाकले की कथा रंगते. आपल्याकडच्या प्रत्येक ‘खजिन्या’च्या कथेत हेच घडते.

७/
आता कोकणात येऊ. इथल्या पडवीत मोटार पोचली कशी, हे कळल्याशिवाय तिच्यातून नेमके काय पुसले जाते ते कळणार नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. त्याआधी मुंबईचा मोठा रस्ता समुद्राचा; आगबोट पावसाळ्यात बंद. दुसरी वाट आंबा घाट चढून कोल्हापूरची, कारण तिथे १८९१ मध्येच रेल्वे आलेली होती.

८/
किनाऱ्यालगत जायचे तर खाड्या आडव्या. पूल नव्हते तिथे मोटार एका खाडीच्या काठापासून पुढच्या खाडीच्या काठापर्यंतच धावे. उतारूंनी तरीने पलीकडे जायचे आणि तिथे उभी असलेली दुसरी गाडी धरायची. या गाड्यांना लोक ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत. आजही एखाद्या आजोबांच्या तोंडी हा शब्द येतो.

९/
मोटार आली की ती अमेरिकेतून थेट आली, असा एक समज आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग जहाजाने येत आणि मोटार इथल्या कामगारांच्या हातांनी उभी राही. फोर्डचीही जुळणी मुंबईत होऊ लागली. म्हणजे पडवीतली एखादी शेवरोले ही शिवडीच्या कामगाराचीही निर्मिती असू शकते. तसे असेल तर बॉनेटखालची इवलीशी पट्टी ते सांगते. घासणारा कारागीर बहुधा तीच आधी उपटतो.

१०/
दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले. अनेक गाड्यांच्या मागे कोळशाची भट्टी बसवली गेली. कोळशाच्या वायूवर मोटार चालू लागली. क्लिनरने पहाटे उठून भट्टी पेटवायची, मग हँडल मारायचे. अशा गाडीच्या मागच्या पत्र्यावर भट्टी अडकवण्याची भोके, जळल्याचे डाग राहतात. नव्या मालकाच्या दृष्टीने ते दोष असतात. ती भोके आधी बुजवली जातात.

११/
१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली. त्यानंतर खासगी सर्व्हिस मोटारींचा धंदा टप्प्याटप्प्याने संपला. एस.टी.ने खेडे जोडले, हे तिचे उपकार मोठेच आहेत. पण तिच्या आधीच्या पिढीत आपल्या जोखमीवर गाड्या चालवणारे मालक, ड्रायव्हर आणि क्लिनर आपल्या इतिहासात कुठे आहेत? थोडे गॅझेटियरच्या पानांत, थोडे म्हाताऱ्यांच्या आठवणींत, आणि उरलेले या पडव्यांत.

१२/
‘विसरलेली मोटार’ हा शब्दही मला मान्य नाही. बहुतेक गाड्या विसरल्यामुळे उभ्या राहिलेल्या नाहीत. धंदा गेला, आयात सुटे भाग मिळेनात, मुलगे मुंबईला गेले. आरसी बुक वारलेल्या आजोबांच्या नावावर. घर सामायिक, सातबाऱ्यावर नावांची रांग. एकाने विकायची म्हटली की दुसरा अडवतो. वाटणी न झाल्यामुळे ती मोटार वाचली. कोकणातल्या एकत्र कुटुंबांच्या मोडतोडीचा इतिहासही तिच्या टपावर साचलेला असतो.

१३/
आता माझी चूक. तीन वर्षांपूर्वी, पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्या वर्षी, जिल्ह्यातल्या एका वाडीत जुन्या दप्तराच्या शोधात गेले होते. घरातल्या काकांनी सहज म्हटले, ‘कागद नंतर बघा, आधी आमची मोटार बघा.’ गोठ्याच्या टोकाला, पेंढ्याच्या भाऱ्यांमागे ती उभी होती. मागची मूळ सीट काढून लाकडी बाक बसवलेला. दारावर, रंग उडालेल्या पत्र्यावर, हाताने रंगवलेली दोन गावांची नावे.

१४/
मी छायाचित्रे काढली. बाकाचे माप घेतले नाही. दारावरची अक्षरे तिरप्या उजेडात टिपली नाहीत. दुसरे नाव अर्धेच वाचता आले. काकांकडे पत्र्याची एक ट्रंक होती, पावत्यांनी भरलेली. ‘पुढच्या खेपेस बघू,’ असे म्हणून मी निघाले. आणि त्याच रात्री उत्साहाच्या भरात वाडीच्या नावासकट छायाचित्रे इथे टाकली.

१५/
पंधरा दिवसांत शहरातून खरेदीदार आले. भंगारापेक्षा थोडी बरी किंमत मिळाली, गाडी ट्रकवर चढली. घरच्यांना मी तिळमात्र दोष देत नाही. त्यांना छप्पर दुरुस्त करायचे होते. खरेदीदाराने आरसी बुक तेवढे नेले. ट्रंकेतल्या पावत्या पाणी तापवायच्या बंबात गेल्या. मी पुन्हा गेले तेव्हा काकांनी मोठ्या आपलेपणाने चहा दिला आणि सांगितले, ‘बरं झालं, जागा मोकळी झाली.’

१६/
वर्षभराने ती मोटार मला पडद्यावर दिसली. लाल रंग, चामड्याच्या नव्या सीटा, क्रोमचे दिवे. निवेदन होते, ‘एका जमीनदाराची आलिशान मोटार.’ तो बाक नव्हता, ती दोन नावे नव्हती. उतारूंची गाडी जमीनदाराची झाली होती. दारावरच्या त्या मार्गाचा दुसरा पुरावा मला आजवर मिळालेला नाही.

१७/
कोणी म्हणेल, एवढ्याशा दोन नावांसाठी केवढा शोक! पण ताम्रपटावरच्या एका अक्षरासाठी आपण वर्षानुवर्षे वाद घालतो. तो ताम्रपट कोणी ‘चकचकीत करतो’ म्हणून घासला असता तर आपण त्याला रसिक म्हटले असते का? विसाव्या शतकाचा पुरावा पत्र्यावर असतो म्हणून तो हलका ठरत नाही.

१८/
आक्षेप पहिला: ‘गाडी तिथेच ठेवली असती तर गंजून गेली असती.’ खरे आहे. रत्नागिरीचा पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर, त्यात खारा वारा; पत्रा कागदासारखा कुरतडला जातो. गाडी हलवू नका, असे मी म्हणतच नाही. पण गंज थांबवणे वेगळे आणि रंग खरवडणे वेगळे. कोरडी जागा, जमिनीपासून उचललेली चाके, तेलाचा हात, एवढ्याने पहिली काही वर्षे निभावतात. त्या वर्षांत नोंद पुरी करता येते.

१९/
आक्षेप दुसरा: ‘मालकाची वस्तू, तो काहीही करील.’ कायद्याने बव्हंशी बरोबर. १९७२ च्या पुरावशेष कायद्याला सर्वसाधारणपणे शंभर वर्षांचे वय लागते. १९३० च्या दशकातली मोटार त्यात बसत नाही. पण कायदा जिथे थांबतो तिथेच अभ्यासकाची जबाबदारी सुरू होते. मालकाने विकावी, चांगल्या भावाने विकावी. कागद आणि आठवणींची प्रत आधी मागून घेण्याला कोणताही कायदा आड येत नाही.

२०/
आणि गंमत पाहा. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. वय ५० वर्षांहून अधिक हवे, आणि वाहन मूळ स्वरूपात हवे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. मूळपणाची किंमत सरकारी राजपत्राला समजली. आपल्या ‘वारसाप्रेमी’ मंडळींना मात्र नव्या रंगाच्या डब्यातच वारसा दिसतो.

२१/
आक्षेप तिसरा: ‘संस्थानिकांच्या गाड्यांमुळेच लोकांना इतिहासाची गोडी लागते.’ लागू दे. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक निघते तेव्हा मीही गर्दीत टाचा उंचावते. पण ती गाडी कोणाची, कोणत्या सोहळ्यात निघते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ती आपल्या गावात, आपल्या माणसांत आहे. सर्व्हिस मोटारीला हे भाग्य का मिळू नये?

२२/
आमच्या रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. परक्या देशातून कैद करून आणलेल्या राजाचा वाडा आपण वारसा म्हणून जपला. ते योग्यच झाले. पण त्याच गावच्या रस्त्यांवर हँडल मारून हात सोलवटून घेणाऱ्या क्लिनरची एकही वस्तू जपण्याजोगी आपल्याला वाटली नाही. हा पक्षपात मोटारींपुरता मर्यादित नाही, हे आपण सगळे जाणतो.

२३/
म्हणून विनंती. तुमच्या आजोळी, शेजारी, ओळखीत अशी मोटार असेल तर एवढे करा:
अ) हलवण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे, जागेसकट, पेंढ्यासकट.
आ) चॅसिस आणि इंजिन क्रमांक, बॉनेटखालच्या पट्ट्या.
इ) क्रमांकाची पाटी. ‘एमएच’ अक्षरे १९८९ नंतरची. ‘बीएम’ वा ‘बीवाय’ दिसली तर गाडी जुन्या मुंबई राज्याची.

२४/
ई) आरसी बुक, कराच्या पावत्या, पेट्रोलची कुपने, ड्रायव्हरचा परवाना, पितळी बिल्ला. बंबाजवळची ट्रंक सगळ्यांत आधी उघडा.
उ) घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: गाडी कोण चालवी, कुठवर जाई, शेवटची कधी निघाली? त्यांच्या परवानगीने आवाज नोंदवून घ्या.
ऊ) फडके मारू नका, धुऊ नका. धुळीखाली अक्षरे असतात.

२५/
आणि सर्वांत महत्त्वाचे: गावाचे नाव जाहीर करू नका. मालकाला आधी खरी किंमत कळू दे, कागदांची प्रत होऊ दे, मग जगाला सांगा. कोणी पहिल्यांदा दाखवले याला इतिहासात काडीचे महत्त्व नसते. मी पहिल्यांदा दाखवले होते. त्याचे फळ वर सांगितले आहे.

२६/
काका मागच्या पावसाळ्यात गेले. ती गाडी कोण चालवत असे, हे मी त्यांना विचारायचे ठरवले होते. तुमच्याकडे अजून कोणी सांगणारे असेल तर हा धागा इथेच सोडा आणि आज संध्याकाळी त्यांना फोन करा.